एक जूनच्या मुली

एक जूनला माझा वाढदिवस असतो. म्हणजे खरा नसतो, पण आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर आणि पासबुकावर तोच आहे, त्यामुळे बँकेपासून मोबाईल कंपनीपर्यंत सगळे मला सकाळीच शुभेच्छा पाठवतात. आमच्या गावातल्या आणखी दहा मुलींचा वाढदिवसही त्याच दिवशी येतो. वर्षं वेगवेगळी, तारीख एकच. त्या दिवशी आम्ही एकमेकींना फोन करत नाही, भागाक्काला करतो. जन्म आईनं दिला असला तरी ही तारीख आम्हाला अक्कानं दिली आहे.

भागाक्का म्हणजे भागाबाई, आमच्या गावची अंगणवाडी सेविका. गाव साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला. पावसावरची शेती, मधोमध शेतकऱ्यांची घरं आणि ओढ्याच्या अलीकडे आमची भिल्लांची वस्ती, भिलाटी. मी मयुरी, त्या भिलाटीतली. सध्या धुळ्याच्या एका कॉलेजात प्रवेश विभागात कारकून आहे, कंत्राटी. कायम होण्याची फाईल वर गेलेली आहे आणि ती वर गेली की माणसाचा जीव खाली राहतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल.

अक्का चोविसाव्या वर्षी विधवा झाली आणि पाच वर्षांनी अंगणवाडीत लागली. तेव्हा ती फक्त सातवी पास होती, तीही त्या पाच वर्षांत बाहेरून परीक्षा देऊन. दहावी तिनं खूप नंतर केली, सतरा नंबरचा फॉर्म भरून, आणि तीही माझ्याच वर्षी, माझ्याच केंद्रावर. मी अकरा नंबरच्या खोलीत आणि ती चौदामध्ये. गणिताच्या पेपरनंतर बाहेर येऊन तिनं मला विचारलं होतं की ते समीकरण सुटलं का, आणि मी सुटलं म्हटल्यावर तिनं आधी माझी पाठ थोपटली आणि मग स्वतःच्या नशिबाला दोन शिव्या घातल्या. गणितात ती राहिली. ऑक्टोबरमध्ये निघाली.

अंगात मांस नाही, आवाज मात्र ढोलाएवढा. अंगणवाडीत गावातली आणि भिलाटीतली पोरं तिनं एकाच सतरंजीवर बसवली, तेव्हा गावातल्या काही घरांनी आपली पोरं उठवून नेली. अक्का त्यांच्या दारात जाऊन एवढंच सांगून आली की खिचडी एकाच पातेल्यात शिजते, ज्याला दोन पातेली हवीत त्यानं दुसरं पातेलं आणि लाकडं स्वतः आणावीत. महिनाभरात पोरं परत आली. गावातल्या शेतकरी पंडितनानाच्या घरातलं पोरगं सगळ्यात शेवटी आलं, हे मी विसरलेली नाही. विसरायचा माझा स्वभावही नाही.

आता तारखेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

शाळेत पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. पण आमच्याकडे पाच वर्षांची मुलगी मोकळी राहिली की वर्षभरात तिच्या कडेवर धाकटं भावंड बसतं, किंवा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ती ऊसतोडीला जाते, आणि एकदा गेली की पुढच्या जूनला ती कुणाला आठवत नाही. मुलगे राहतात, मुली गळतात. अक्काला हे दुसऱ्या वर्षीच कळलं. मग जिची तिला धास्ती वाटे, त्या मुलीच्या अंगणवाडीच्या दाखल्यावर ती जन्मतारीख मागे ओढून एक जून लिहायची, म्हणजे शाळेच्या दारात ती बरोब्बर सहाची. सरसकट नाही. पस्तीस वर्षांत अकरा जणी.

दाखला बघून शाळेतले तोताराम गुरुजी हसायचे. त्यांनाही पट हवाच असे, पण त्यांची एक जुनी परीक्षा होती: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर मूल शाळेच्या वयाचं. मी तेव्हा पावणेपाच वर्षांची होते. माझी बोटं केसांतच अडकली. गुरुजी चष्मा पुसत होते तेवढ्यात अक्कानं मागून माझी मान हळूच वाकडी केली, कान वर आला आणि बोटांना लागला. गुरुजींनी चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि हजेरीत माझं नाव लिहिलं. ती वाकडी मान मला अजून आठवते. कॉलेजात कुणी मुलगी फॉर्म घेऊन खिडकीशी आली की माझी मान आपोआप जरा कलते.

खिडकीबद्दलही सांगायला हवं. मी बारावी झाले त्या वर्षी आमच्या बाजूच्या पाच गावांतून कॉलेजला आम्ही दोघी. आता बी.एस्सी.च्या गुणवत्ता यादीत मुलींची नावं मुलांपेक्षा जास्त असतात. भिलाटीतल्या असतात, तांड्या-वाड्यांवरच्या असतात, बुरखा घालून येणाऱ्याही असतात. प्राचार्य भाषणात हे आकडे सांगतात आणि टाळ्या पडतात. मला मात्र शेवटच्या दिवशी पाच वाजता छापायची यादी ठाऊक आहे. जागा मिळाली, पण जी आलीच नाही, तिच्या नावापुढे संगणक 'नॉट रिपोर्टेड' असं छापतो. त्या रकान्यात मुलं असतात ती दुसरीकडे प्रवेश मिळाला म्हणून. मुली असतात त्यांच्या घरी फोन लावला की पाठीमागे बँड ऐकू येतो. टाळ्या वाजवणाऱ्यांना ही यादी कुणी दाखवत नाही.

गेल्या एक जूनला, रविवारी, मेघाचा फोन आला. मेघा ही पंडितनानाची धाकटी, आमच्यातली अकरावी आणि शेवटची. बारावी सायन्सला अठ्ठ्याहत्तर टक्के. आमच्याच कॉलेजच्या पहिल्या यादीत तिचं नाव होतं, ते मीच तिला आदल्या दिवशी कळवलं होतं. मला वाटलं, वाढदिवसाचा फोन.

"ताई," ती म्हणाली, "माले अठरा पूर्ण व्हई गयात. आठ तारीखले लगीन शे."

मुलगा नाशिकला कंपनीत, घर चांगलं, मागणी त्यांच्याकडून आली होती. पंडितनाना महिनाभर थांबला होता तो एक जूनसाठी. कायद्याचा माणूस आहे तो, पोरीला अठरा पूर्ण व्हायच्या आत मांडवात उभी करणार नाही, हे गावात अभिमानानं सांगत होता. आणि बारा तारखेला गुरूचा अस्त, पुढे चातुर्मास, म्हणजे आठ चुकली तर थेट दिवाळीनंतर. सात तारखेला हळद. आमच्या पहिल्या यादीचा शेवटचा दिवसही सात तारीख, संध्याकाळी पाच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोटांवर पुढच्या होळीपर्यंतचे महिने मोजले.

कारण मेघाला अठरा पूर्ण झाले नव्हते. ती होळीची. दोन हजार आठच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जन्मली, सातव्या महिन्यात, दोन किलोसुद्धा भरली नाही. अक्का दोन महिने रोज वजनकाटा घेऊन पंडितनानाच्या घरी जायची. पहिलीत घालायच्या वेळी ती सव्वापाच वर्षांची होती, आणि तिची आजी म्हणत होती की आता पोरीनं काकाचं बाळ सांभाळावं. म्हणून अक्कानं दाखल्यावर एक जून दोन हजार सात लिहिलं. त्या एका ओळीवर मेघा बारा वर्षं शाळेत गेली. आणि आता त्याच ओळीवर तिचं लग्न कायद्यात बसत होतं.

सोमवारी मी गावच्या ग्रामसेवकांना, भाऊसाहेबांना, फोन केला. बालविवाह थांबवायचा अधिकार त्यांचा. भला माणूस, त्याच दिवशी जाऊन आले. परत फोन करून म्हणाले की दाखला पाहिला, अठरा पूर्ण आहेत, मुलीलाही विचारलं. कुणासमोर विचारलं, हे मी खोदून काढलं. पंधरा नातेवाईक बसलेले, बाप समोर, आणि तिला विचारलं की तुझ्या मनाविरुद्ध आहे का. तिनं नाही म्हटलं. माझा त्या माणसावर राग नाही, पण त्या प्रश्नावर आहे.

उपकेंद्रातल्या जुन्या लसीकरणाच्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या. दवाखान्यात बाळंतपण झालंच नव्हतं. मेघाचा खरा जन्म कागदावर जगात एकाच ठिकाणी होता: अक्काच्या पत्र्याच्या पेटीत, जन्मनोंदीच्या रजिस्टरमध्ये. ते मला माहीत होतं. आणि इथे मला माझं खरं सांगितलं पाहिजे, नाहीतर अक्काची गोष्ट सांगायचा मला अधिकार नाही. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी मी ते कुणाला सांगितलं नाही. अक्कालाही फोन केला नाही. त्या रजिस्टरचं एक पान उघडलं की दुसरं उघडणारच. आमच्यातली एक नंदुरबारला पोलिसात आहे, एक सुरतेला नर्स, एक शिक्षिका. माझी फाईल वर, आणि तिच्यात 'जन्मतारखेचा पुरावा' या कागदावर नुकतीच लाल पेन्सिलीची खूण झाली होती. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्याच्या घरानं मला सतरंजीवर बघून आपलं पोर उठवून नेलं, त्या पंडितनानाच्या मुलीसाठी. हे असं मनात आलं. आलं म्हणून सांगते.

गुरुवारी माझंच मला असह्य झालं आणि रजा टाकून मी गावी गेले. अंगणवाडी सुटली होती. अक्का ओट्यावर बसलेली, समोर पेटी उघडी, आणि तेलकापडात बांधलेली रजिस्टरं वर्षांप्रमाणे मांडलेली. मी काही बोलायच्या आधीच तिनं दोन हजार आठचं माझ्याकडे सरकवलं. तिची ती गोल, टपोरी अक्षरं. 'मेघा पंडित. २२ मार्च. वजन एक किलो नऊशे.' शेजारी खूण करून पुढे रोजची वजनं लिहिलेली. उद्या हे पंचायतीत नेणार, म्हणाली.

मी तिला समजावायला बसले. अक्का, तुझं निवृत्तीला वर्ष राहिलंय. खोटा दाखला दिला हे कबूल केलंस तर मानधन जाईल, निवृत्तीचे पैसे मिळतात तेही जातील, गुन्हासुद्धा होऊ शकतो. हे सगळं खरं होतं, पण माझ्या पोटातलं ते नव्हतं, आणि तिला ते कळलं. ती वाट बघत बसली. शेवटी ते माझ्या तोंडून बाहेर पडलंच.

"अक्का, आन बाकीन्या दहा जणीस्नं काय व्हई?"

तिनं रजिस्टर मिटलं. "तुम्हले पाय फुटी गयात, बेटा," ती म्हणाली. "तुम्ही पळी जाशात. तिना पाय आते बांधी राहिनात."

मी रडले. रागानं रडले, कारण ती माझ्या बाजूनं एक शब्दही बोलली नव्हती. तिनं मला चहा करून दिला आणि माझ्या फाईलचं विचारलं. लाल खुणेचं ऐकून तिनं बाकीची रजिस्टरं पेटीत घालून कुलूप लावलं. मग म्हणाली की उद्या तू पंचायतीत येऊ नकोस, धुळ्याची सकाळची गाडी धर. मी हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी गाडीच्या फाट्यावर उभी होते. गाडी आली, थांबली, कंडक्टरनं दार उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि गाडी गेली. फार मोठा विचार वगैरे केला नव्हता. पाय उचलला नाही, इतकंच.

पंचायतीच्या खोलीत भाऊसाहेब टेबलामागे, पंडितनाना समोरच्या खुर्चीत, आणि अक्का रजिस्टर मांडीवर घेऊन बाकावर. दारात माणसं दाटलेली. पलीकडच्या गल्लीत मांडवाचे बांबू ठोकल्याचा आवाज येत होता आणि तो थांबावा असं कुणी सांगत नव्हतं. पंडितनानानं मला बघून खुर्ची वळवली. तो वाईट माणूस नाही, हेही सांगते. पोरीला चांगलं घर मिळतंय, पत्रिका वाटून झाल्या, दोनशे माणसांचं आवतण गेलं, आणि ऐन वेळी एक बाई वही घेऊन येते.

भाऊसाहेबांनी शाळेच्या दाखल्याची नक्कल आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. मग अंगणवाडीचा तो जुना दाखला, जो शाळेनं जपून ठेवला होता. तिन्ही कागद त्यांनी दोनदा वाचले.

"भागाबाई," ते म्हणाले, "या दाखल्यावर सही तुमची. रजिस्टरवर अक्षर तुमचं. दोन्ही खरं असू शकत नाही. खोटं कोणतं?"

"दाखला," अक्का म्हणाली.

"लिहून द्यावं लागेल."

"कागद द्या."

तिनं लिहायला घेतलं. खोलीत फक्त पंख्याची कुरकुर आणि बाहेरचे बांबू. ती प्रत्येक शब्द शाळेतल्या मुलीसारखा ओठांनी म्हणत लिहीत होती, त्यामुळे ती काय लिहितेय ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. सदर मुलीची जन्मतारीख बावीस मार्च दोन हजार आठ आहे. मी तिला शाळेत लवकर घालण्यासाठी दाखल्यावर खोटी तारीख लिहिली. ही चूक माझी एकटीची आहे. गुरुजींचा यात दोष नाही. तोताराम गुरुजी वारून सहा वर्षं झाली होती, तरी तिनं ते लिहिलं.

पंडितनाना उठून उभा राहिला. "भाऊसाहेब, शाळाना दाखला खरा का ह्या बाईनं रजिस्टर खरं? हाई बाई आजच खोटी पडनी. मंग तिनं रजिस्टर काबर खरं?"

मुद्दा बिनतोड होता. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि अक्काला विचारलं की असे आणखी किती दाखले तुम्ही दिले.

अक्का काय म्हणणार ते मला माहीत होतं. ती 'एकच' म्हणणार होती. आत्ताच खोट्याची कबुली दिलेल्या कागदावरची शाई वाळायच्या आत ती आमच्या दहा जणींसाठी आणखी एकदा खोटं बोलणार होती, आणि ते एक खोटं धरलं गेलं की रजिस्टरही खोटं ठरणार होतं. तिनं तोंड उघडलं. त्याआधी पंडितनानाचं बोट माझ्याकडे वळलं.

"बठ्ठ्या एक जूनन्याच शेतस! हाई पोरले इचारा, हाई कवय जन्मनी ते."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली, नको म्हणून. पस्तीस वर्षं पोरांना गप्प बसवायला ती तेवढीच हलवायची.

मी म्हटलं, "पोळ्याच्या दिवशी. एकोणीसशे पंच्याण्णवच्या पोळ्याला. दाखल्यावर एक जून चौऱ्याण्णव आहे. या बाईंनीच लिहिली आणि खरी तारीख यांच्याच रजिस्टरमध्ये आहे. पंच्याण्णवचं काढा, बघा."

माझा आवाज इतका मोठा निघाला की बाहेरचे बांबू ठोकणारेही थांबले. अक्कानं डोळे मिटून घेतले. पंच्याण्णवचं रजिस्टर तिनं आणलं नव्हतं, ते घरी पेटीत होतं. भाऊसाहेब उठले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, मग आपल्या टेबलावरच्या कागदांकडे.

"माझी पण एक जूनच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या गुरुजींनी लिहिलेली. आई म्हणते, मी थंडीतला." मग त्यांनी पेन उचललं. "माझ्यासमोर परवाचं एकच लग्न आहे. बाकीच्यांचं मला कुणी लेखी विचारलेलं नाही. स्वतःची नोकरी पणाला लावून कुणी खोटं रजिस्टर दाखवत नाही, नाना. लग्न होणार नाही. हमीपत्रावर सही करा."

पंडितनानानं सही करायला फार वेळ घेतला. ती करून तो अक्कापुढे उभा राहिला आणि म्हणाला की तू माझ्या दारात वजनकाटा घेऊन यायचीस, तेव्हा मी तुला देवमाणूस समजत होतो. तो गेल्यावर अक्का रजिस्टर तेलकापडात बांधू लागली तर गाठ बसेना. मी बांधून दिली.

मला वाटलं होतं, मेघा आता घरात कोंडली जाईल. आणि शनिवारी तीन वाजेपर्यंत माझ्या यादीत तिचं नाव तसंच होतं. साडेतीन. चार. खिडकीशी दुसऱ्या मुली येत होत्या आणि मी त्यांच्या पावत्या चुकीच्या फाईलला लावत होते. चार वाजून चाळीस मिनिटांनी पंडितनाना आत आला. मागे मेघा, हातांवर कोपरापर्यंत मेंदी. मुलाकडचे होळीपर्यंत थांबायला तयार झाले होते. तेवढे नऊ महिने पोर घरात बसवून काय करायची, लोक बोलतील, त्यापेक्षा कॉलेजात बसू दे, असा त्यानं विचार केला होता. तो मला ते असं सांगत होता जणू मला टोमणा मारतोय. मी फॉर्म घेतला. फॉर्मवर प्रवेश घेण्याचं कारण असा रकाना नसतो, आणि तो नाही हे फार बरं आहे. अर्ध्या मुली आमच्याकडे लग्न जुळेपर्यंत म्हणूनच येतात. एकदा आल्या की बापानं पाठवलं ते कारण मागे राहतं आणि मुलगी पुढे जाते.

मेंदीच्या हातानं तिनं सही केली, पाचला आठ कमी असताना.

यावर्षी होळीनंतर मेघाला खरे अठरा पूर्ण झाले. घरी जाऊन तिनं बापाला सांगितलं की तिसरं वर्ष झाल्याशिवाय लग्न नाही. समोर पंधरा माणसं नव्हती, पण असती तरी तिनं सांगितलं असतं, असं मला वाटतं. मुलाकडच्यांनी दुसरी मुलगी पाहिली. पंडितनाना दोन महिने तिच्याशी बोलला नाही आणि मग दुसऱ्या वर्षाची फी घेऊन स्वतःच आला.

अक्काचं मात्र व्हायचं ते झालं. रागाच्या भरात पंडितनानानं तालुक्याला अर्ज केला होता. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, पण अर्ज काही परत येत नाही. ऑगस्टमध्ये अक्काला कमी केलं, निवृत्तीला नऊ महिने उरले असताना. अकराही दाखल्यांची चौकशी लागली. माझी फाईल अजून वर आहे, लाल खुणा आता दोन आहेत. मला रोज भीती वाटते. पण मी पोळ्याचं बोलले याचा पश्चात्ताप मात्र एक दिवसही झालेला नाही, आणि त्या पहिल्या तीन दिवसांचा रोज होतो.

चौकशीच्या दिवशी अक्काबरोबर मी तालुक्याला गेले होते. चौकशी करणाऱ्या बाई तरुण होत्या, सौम्य होत्या. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाल्या की हे लिहिणार नाही, मला स्वतःला कळायला हवं म्हणून विचारते, तुम्ही हे का करत होता? तुम्हाला यातून काय मिळत होतं?

अक्कानं आपला उजवा हात उचलला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. चौसष्ट वर्षांची बाई, सरकारी कचेरीत, कान धरून बसलेली. बाहेरचा शिपाई हसला.

"मी सहा वरीसनी व्हतू," ती म्हणाली. "मना हात कानले लागना नही. गुरुजी म्हणे, पुढला साल ये. पुढला साल मना कडेवर भाऊ व्हता." तिनं हात खाली घेतला. "मनी मान कोणीच वाकडी करी नही."